बागेतली जिलबी आणि संमतीपत्र

माझी नात मानवी हक्कांचा कायदा आणि राजकारण यात एम. ए. करते. हे एवढं लांब वाक्य न अडखळता म्हणायला मला दोन महिने लागले. आधी मी बागेतल्या म्हाताऱ्यांना नुसतं "वकिलीचं काहीतरी" असं सांगायचो. ते तिच्या कानावर गेलं.

"आजोबा, मी वकील नाही होणार."

"मग कायदा शिकून करणार काय?"

"प्रश्न विचारणार."

प्रश्न विचारायला शिकण्यासाठी फी भरतात हे मला नवीन होतं. तिची आजी आयुष्यभर फुकट विचारायची.

ही गेली त्याला दीड वर्ष झालं. नंतर तीन महिने मी गावात एकटा राहिलो आणि घरातली तिन्ही पातेली जाळली. मग मुलगा आला आणि मला दिल्लीला, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आला. खोल्या दोन. एकीत मुलगा आणि सून, दुसरीत नात आणि मी. अर्ध्या खोलीत माझी खाट, अर्ध्या खोलीत तिचं टेबल, आणि भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर कुणाचा तरी हक्क. डोळे उघडले की मला आधी जगभरच्या लोकांचे हक्क दिसतात आणि मग माझा चष्मा.

मी चौथी पास. साखर कारखान्यात फिटर होतो. मशीन बिघडलं तर कुठे हात घालायचा ते कळतं, पण या पोरीशी बोलताना कुठे हात घालावा ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात मी खाटेवरून "चहा" असं म्हटलं, तर ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, ही ऑर्डर आहे की रिक्वेस्ट?" मी म्हटलं, "ही सवय आहे." तेव्हापासून चहा मी करतो. सुनेला बरं झालं. ती म्हणते, एम. ए. चा खर्च यातच वसूल झाला.

शेवटच्या वर्षी तिला प्रबंध लिहायचा होता. जगभरच्या देशांनी मिळून एक जाहीरनामा केलाय, त्यात माणसाला विश्रांतीचा हक्क आहे असं लिहिलंय म्हणे. तिचा विषय असा, की नोकरीतल्या माणसाला सुट्टी मिळते, मग घर चालवणाऱ्या बाईला ती कोण देतं. आणि हे ती बायकांना नाही, त्यांच्या रिटायर झालेल्या नवऱ्यांना विचारणार. दहा म्हातारे हवे होते.

"तुमच्यापासून सुरुवात करू?"

"माझं सोडून बोल," मी म्हटलं.

"का?"

"कारणही सोड."

तिने पेन खाली ठेवलं. नाही म्हणायचाही हक्क असतो म्हणाली. तिच्या सगळ्या हक्कांत मला तेवढा एक पटला. पण मग मलाच अपराध्यासारखं झालं. म्हटलं, आपण नाही तर निदान माणसं तरी मिळवून देऊ.

बागेत आम्ही सकाळी जमतो. सगळे सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कुणी पंजाबचा, कुणी बिहारचा, दोघं तिघं दक्षिणेकडचे. मी विषय काढला तर पंजाबी भाईसाहेब म्हणाले, "बीवी को छुट्टी? किस दफ्तर से?" सगळे हसले. मला घाम फुटला. हे असं बोलले तर पोरीच्या प्रबंधाचं वाटोळं होणार.

आता माझी चूक सांगतो. कारखान्यात तपासणीचा साहेब यायचा, तेव्हा आम्ही आदल्या दिवशी प्रत्येकाला काय बोलायचं ते पढवून ठेवायचो. सगळ्यांची उत्तरं सारखी आली पाहिजेत, एवढंच बघायचं. आणि साहेब आला की आधी नाश्ता. इंटरव्ह्यू म्हणजे तेच असणार असं मी धरून चाललो. नऊ जणांना गरम जिलबी खिलवली आणि सांगितलं, "पोरगी पूछेगी तो बोलना, हर इतवार बीवी को मैं खुद चाय बनाके देता था. अदरक डालके."

नातीने चार दिवसांत नऊ जणांचे इंटरव्ह्यू रेकॉर्ड केले. पाचव्या दिवशी ती माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, चार राज्यांतली नऊ माणसं. सगळ्यांनी चाळीस वर्षं दर रविवारी बायकोला चहा दिला."

"चांगली माणसं आहेत."

"सगळ्यांनी आलं घालून."

मी चष्मा पुसायला घेतला.

"आणि शेवटचे अंकल म्हणाले, जैसा आपके दादाजी ने बताया था. जलेबी बहुत अच्छी थी."

तिने सगळं जाऊन प्रबंध बघणाऱ्या तिच्या मॅडमना सांगितलं. मी म्हटलं, सांगितलंस कशाला, कुणाला कळलं असतं? तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला तिची आजी आठवली. मॅडमनी नऊच्या नऊ इंटरव्ह्यू बाद केले. खायला घालून उत्तर घेतलं तर ते उत्तर धरत नाहीत. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते, आणि नाही दिला तर वर्ष जाणार होतं.

पोरगी ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती नुसती रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत जायची, दारोदार बेल वाजवायची. सून म्हणाली, "सेल्समन समजून दार लावतात हिच्या तोंडावर." मी रोज दोन चहा करून ठेवायचो. ती एक प्यायची, थँक्यू म्हणायची. ते थँक्यू मला आवडायचं नाही. आपल्या माणसाला कोण थँक्यू म्हणतं?

दहाव्या दिवशी नऊ म्हातारे झाले. दहावा होता, पण त्याच्या बायकोने आतूनच सांगितलं, ते झोपलेत, दुपारी झोपायचा त्यांचा नियम आहे. नातीने हे हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता तिचा चेहरा पडला.

"मॅडमना विचार," मी म्हटलं, "घरातला माणूस चालतो का."

"विचारलंय मी कधीच. नातं लिहायचं, मग चालतं. पण तुम्ही नाही म्हणालात ना."

"मला कुणी पढवलेलं नाही. जिलबीसुद्धा माझी मीच घेतली होती. काढ कागद."

कागद म्हणजे संमतीपत्र. इंग्रजी. माझं असं आहे, की सही मला येते, पण आजवर मी एकही कागद वाचून सही केलेली नाही. ही सातवी शिकलेली. ती वाचायची, बोट ठेवायची, आणि त्या बोटाखाली मी सही करायचो. बँक असो, पोराच्या शाळेचा दाखला असो, जमिनीचा कागद असो. ती गेल्यावर तिच्याच मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर मी चुकीच्या जागी सही केली होती.

नातीने एकेक ओळ मराठीत करून सांगितली. नाव छापणार नाही, नंबर देणार. आवडला नाही तो प्रश्न सोडता येईल. मधेच उठून जाता येईल, कारण द्यायला नको.

"पन्नास वर्षं संसार केला, असा फॉर्म कुणी दिला नाही."

"आजीलाही नाही दिला, आजोबा."

मग तिने बोट ठेवलं. मी सही केली.

"तुमच्या सुट्टीचा वार कोणता?"

"रविवार."

"आजीचा?"

मी मशीनकडे, म्हणजे रेकॉर्डिंगला लावलेल्या तिच्या मोबाईलकडे बघितलं. मग म्हटलं, "रविवारी मटण असायचं." ती काही बोलली नाही. हे तिला एम. ए. त शिकवलं असणार, गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. तिच्या आजीला हे कधी जमलं नाही.

मग मी संपाचं सांगितलं. हंगामात आम्हाला आठवड्याची सुट्टी नव्हती, त्यासाठी आम्ही चाळीस जण गेटवर बसलो होतो. सहा दिवस. विश्रांती आमच्या हक्काची, असं मीच ओरडायचो, माझा आवाज मोठा होता म्हणून. आणि सहाही दिवस ही पहाटे उठून भाकऱ्या थापायची आणि पाटी डोक्यावर घेऊन गेटवर यायची. सुट्टी मिळाली. त्या हंगामातल्या पहिल्या सुट्टीला मी दिवसभर झोपलो आणि संध्याकाळी तिला म्हटलं, भजी कर.

दुसऱ्या दिवशी नातीने लिहिलेलं मराठीत वाचून दाखवलं. तसा नियम आहे, बोलणाऱ्याला दाखवायचं. मी मधेच थांबवलं.

"हे 'सोसत राहिली' काढ."

"का? खरं नाही?"

"तू तिला बिचारी केलीस. ती बिचारी नव्हती. सहाव्या दिवशी तिने पाटी आपटली आणि आमच्या पुढाऱ्याला तोंडावर म्हणाली, सुट्टी मिळाली की रोज एकेकाला माझ्याकडे पाठवा, भाकऱ्या थापायला. माझी सुट्टी त्यातून काढते मी."

नात टाईप करायची थांबली. "हे तुम्ही काल नाही सांगितलं."

"काल नाही सांगितलं."

"मग पुढारी काय म्हणाले?"

"हसले. सगळे चाळीस जण हसले."

"आणि तुम्ही?"

कागदावर लिहिलेलं होतं, हा प्रश्न सोडता येईल. मी ते तिला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "बिल्कुल. सोडू?"

"नको," मी म्हटलं. "लिही. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो."