कागदांचा गठ्ठा आणि पहिलीचा वर्ग

“एम. ए. झालेली बाई पयलीच्या पोरींले कायले शिकवीन? कालेजातून बोलावनं आलं की गेलीच समज.”

आतल्या गादीवरून आलेलं हे बोलणं मी बाहेरच्या बाकावर ऐकलं आणि पदर जरा घट्ट लपेटून घेतला. कारंज्याच्या मुलींच्या प्राथमिक शाळेची कमिटी म्हणजे कापसाचे तीन व्यापारी. मुलाखतही अध्यक्षांच्या पेढीवरच होती. त्यांना फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली बाई पुरत होती. मी नागपूरला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते, तिथेच एम. ए. झाले होते. इथे कारंज्यात आपल्या घरी मी फक्त सुट्टीत येई. ही नोकरी मिळाली तर आईजवळ राहता येणार होतं, नाहीतर पुन्हा मामांचं घर.

मी नुसतं मॅट्रिकचं सर्टिफिकेट न्यायचं ठरवलं होतं. पण आईने रुखवत मांडावा तसे सगळे कागद पिशवीत भरले. “लपवाले काय चोरी केली काय तू?” म्हणाली. ती पिशवी पेढीवर आल्याआल्याच आत मागवून घेतली होती.

तेवढ्यात दारात कापसाची गाडी आली. अध्यक्ष बाहेर आले. वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात गाडीत खुपसला, खालचा मूठभर कापूस काढला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून पाहिला.

“अजून हात घाला, मालक,” गाडीवाला म्हणाला. “बुडापर्यंत तसाच हाय.”

“वरतून तर नवरीबी चांगलीच दिसते,” अध्यक्ष म्हणाले, पण भाव चांगला दिला.

मग मला आत बोलावलं. समोरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून एक सभासद कळवळून म्हणाले, “बाई, यातले निम्मे घरी ठिवून आल्या असत्या तं बरं झालं असतं.”

“बोलत काऊन नाहीत, मुक्या हायत काय?” दुसरे हळूच म्हणाले. “की मराठीच येत नाही?”

अध्यक्षांच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटले होते. मी तेच पाहत होते. मग आईच्या बोलीत, माझा मलाच ओळखू येईना अशा आवाजात म्हणाले, “काका, कोपरापर्यंत हात घातल्याबिगर तुमी गाडीचा भाव नाही सांगत. मग मले वरवर पाहूनच कायले परत धाडता? उद्या पयलीचा वर्ग माह्या हाती द्या, अन् तुमी तिघं मांगं बसून पाहा.”