चनमल्लप्पांच्या चिठ्ठ्या

चनमल्लप्पांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. पेठेतल्या वाचनालयात त्यांच्यासाठी चांगली वेताची खुर्ची होती, पण तिच्यावर ते पुस्तकं रचून ठेवत आणि स्वतः दिवसभर उभे. मूळचे दुधनीचे, घरची भुसारमालाची आडत. ती भावांच्या गळ्यात घालून हे सोलापुरात पुस्तकांची झाडपूस करायला आले. बायको लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. घरात बाईमाणूस नव्हतं हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

मी त्यांना जन्मात तीन-चारदाच पाहिलं, तेही बहुतेक खिडकीतून. एकोणीसशे अठ्ठावीस साली आमच्या शुक्रवार पेठेतल्या सुना वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या. पुस्तकं घरी यायची ती आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या केराबाईच्या पिशवीतून. केराबाईला अक्षरओळख नव्हती. ती पुस्तक रंगावरून ओळखायची आणि आत काय आहे ते चनमल्लप्पांकडून तोंडपाठ करून यायची.

कारण चनमल्लप्पांना एक वेड होतं. पुस्तक कुणी लिहिलं हे कळल्याशिवाय ते कपाटात लावत नसत. नाव कळून त्यांचं भागत नव्हतं, त्यांना माणूस हवा असे. मग लेखकाला जोडकार्ड जायचं. एका कार्डावर यांचे चार प्रश्न, दुसरं कोरं, उत्तरासाठी. जन्म कुठला, पोटापाण्याला काय करता, कधी लिहिता, आणि घरच्यांना ठाऊक आहे का. उत्तर आलं की ते कात्री घेऊन बसत, म्हणजे उभे राहत, आणि कचेरीतल्या रद्द फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून ती चिठ्ठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर खळीने चिकटवत.

त्या चिठ्ठ्या आम्ही पुस्तकाआधी वाचायचो. मधमाश्यांवरच्या एका रुक्ष पुस्तकावर होतं : ‘लेखक जंगलखात्यात गार्ड. माश्या किती वेळा चावल्या ते मोजणं सोडून दिलं आहे. चाळिसाव्या पानापासून वाचावं, अगोदर सगळी प्रस्तावना.’ खुनाच्या एका कादंबरीवर : ‘हे शिंपी आहेत. खून एकही पाहिलेला नाही. यंत्र चालू असलं की गोष्ट सुचते, बंद पडलं की सुचत नाही, असं कळवतात.’ ब्रह्मदेशाच्या प्रवासवर्णनावर : ‘रंगूनला तांदळाच्या गिरणीत कारकून. प्रवास थोडा, घरची आठवण फार. रडू येत असेल तर वाचू नये.’ जनावरांच्या रोगांवरचं पुस्तक मी वाचलं ते केवळ चिठ्ठीमुळे. वैरागच्या बैलबाजारात झाडाखाली बसणाऱ्या वैद्याने ते मुलीला तोंडी सांगून लिहून घेतलं होतं. आमच्या गोठ्यात शेळीसुद्धा नव्हती, तरी मी खुरकतीचं प्रकरण दोनदा वाचलं.

आता माझं सांगते. त्या वाचनालयात एक पुस्तक माझंही होतं.

‘माजघरातली बारा वर्षे’ असं त्याचं नाव आणि लेखकाच्या जागी ‘एक सासुरवाशीण’. पुण्याला माझा भाऊ कमलाकर एका छापखान्यात होता, त्याने ते छापलं. दुपारची जेवणं उरकली की सांडग्यांच्या डब्याआड कागद ठेवून मी ते लिहिलं होतं. त्यात एक सासरा आहे, तो साखरेच्या डब्याची किल्ली जानव्याला बांधतो. आमचे मामंजीही बांधायचे. मामंजी कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि घरातही अजून हेडक्लार्कच. पुस्तक माझं आहे हे कळलं असतं तर मला त्याच दिवशी टेंभुर्णीला माहेरी पाठवलं असतं आणि पोरं इथे ठेवून घेतली असती. यात मी तिखटमीठ लावत नाही. समोरच्या घरातल्या सुनेला याहून कितीतरी हलक्या कारणासाठी धाडलं होतं, आणि तिचा मुलगा मोठा झाल्यावर तिला ओळखत नव्हता.

हे सगळं ठाऊक असून मी काय केलं? कमलाकरने पाकिटात घालून चनमल्लप्पांचं जोडकार्ड पाठवलं. ते चुलीत टाकायचं सोडून मी त्याला उत्तर लिहिलं. नाव घातलं नाही एवढीच काय ती अक्कल. माहेर टेंभुर्णी. राहणं सोलापूर. दुपारी लिहिते, कचेरीच्या रद्द फॉर्मांच्या पाठीवर. घरच्यांना ठाऊक नाही. कार्ड केराबाईच्या हातून पेटीत टाकलं. वर्षभर कुणालाच कळलं नव्हतं आणि कुणाला तरी कळावं म्हणून माझा जीव नुसता तडफडत होता.

चनमल्लप्पांना वाटलं, आपल्या गावात लेखिका! त्यांनी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली : ‘या बाई आपल्याच गावच्या. माहेर टेंभुर्णी. दुपारी जेवणं झाल्यावर कचेरीच्या रद्द फॉर्मांवर लिहितात. नाव विचारू नये, आम्हांसही ठाऊक नाही. गावाने अभिमान बाळगावा.’ घरच्यांचा प्रश्न गाळला. नाव तर नव्हतंच. भल्या माणसाला वाटलं, झाकायचं ते सगळं झाकलं.

पण पेठेत सुनेला नाव असतं कुठे? लग्नात बदललेलं नाव नवऱ्यालाही धड आठवत नाही. हळदीकुंकवाला, नळावर, बारशाला सून ओळखली जाते ती माहेरच्या गावावरून. शेजारची बार्शीची, कोपऱ्यावरची वैरागची, आणि मी टेंभुर्णीची. अख्ख्या पेठेत टेंभुर्णीची म्हणजे मी एकटी. चनमल्लप्पांच्या घरात बाई असती तर तिने हे त्यांना एका वाक्यात सांगितलं असतं.

केराबाई दोन दिवस तापाने पडून होती. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा चनमल्लप्पांनी तिला नवी चिठ्ठी कौतुकाने म्हणून दाखवली. पुढचं सगळं केराबाईने मला नंतर निदान दहा वेळा सांगितलं आहे.

“अवो आप्पा, ह्ये काय केलंत!” ती मटकन खालीच बसली. “नाव न्हाई लिवलं, पर घर दावलं की! टेंभुर्णीची म्हंजी आमच्या वैनी.”

“घरी कळलं तर?” त्यांनी विचारलं.

“पोरांस्नी मुकतीया ती.”

चनमल्लप्पा कपाटाकडे धावले. पुस्तक कपाटात नव्हतं. आदल्या दिवशीच रामहरी नावाचा वकिलाचा कारकून ते घेऊन गेला होता. तशा भर दुपारी, वाचनालयाला कुलूप घालून, ते नव्या पेठेत निघाले. डोक्याला टोपी नाही. मागून केराबाई, तापातून उठलेली, पदर सावरत.

रामहरी घरात नव्हता. बायकोने दाराआडून सांगितलं की, “हे कचेरीत, पुस्तक चाटी गल्लीत.” आमच्याकडे पुस्तक एक सभासद घ्यायचा आणि दहा घरं वाचायची. चाटी गल्लीत सिद्धाप्पाचं लुगड्यांचं दुकान. तिथे गाठलं तर गादीवर नोकर. तो म्हणाला, “मालक आत्ताच गेले. बुक घेऊन गेले. हसत गेले.”

“कुटं गेले?”

नोकराने आमच्या मामंजींचं नाव सांगितलं.

केराबाई म्हणायची, “तितं आप्पांच्या तोंडाचं पानीच पळालं. म्या म्हनलं, आता वो? तर त्ये पळाया लागले. वयाचं मानूस, भर बाजारातनं पळतंय!”

इकडे आमच्या घरात मी डाळ निवडत होते. ओसरीवर झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. सिद्धाप्पा मामंजींचा सोंगट्यांतला जोडीदार, त्याचं येणं रोजचं. पण आज मामंजी काहीतरी मोठ्याने वाचत होते, आणि तिसऱ्या वाक्याला माझे हात सुपातच थांबले. ते माझं वाक्य होतं.

“जानव्याला किल्ली!” मामंजी खो खो हसले. “काय एकेक चिंगूस लोक असतात, सिद्धाप्पा!”

त्यांच्या जानव्याची किल्ली हसताना खुळखुळली असणार. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या वेळी मी सूप हलकेच खाली ठेवलं.

“म्होरची चिठ्ठी बी वाचा की,” सिद्धाप्पा म्हणाला. “लई गंमत हाय.”

झोपाळा थांबला. मामंजींनी चिठ्ठी आधी मनात वाचली, मग मोठ्याने. ‘टेंभुर्णी’ वर थांबले. ‘कचेरीच्या रद्द फॉर्मांवर’ वर पुन्हा थांबले. ते फॉर्म आमच्या घरात कोण आणतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आमचे हे, म्हणजे त्यांचाच मुलगा, तिथेच कारकून होते.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली. “जरा बाहेर या.”

मी उठले. पोरं परसात खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मला एवढंच वाटलं की आधी पोरांना जवळ घ्यावं आणि मग बाहेर जावं. पाय कुठे जायचं ते ठरवेनात. तेवढ्यात ओसरीवर कुणीतरी धापा टाकत आलं.

“ती चिठ्ठी खोटी आहे,” चनमल्लप्पा म्हणाले.

दाराच्या फटीतून मला ते दिसले. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, एका हाताने खांब धरलेला.

“खोटी म्हणजे?” मामंजींनी चष्मा कपाळावर चढवला.

“मनची लिहिली, रावसाहेब. बाईंचं उत्तरच आलं नाही.”

“मग टेंभुर्णीच कशी सुचली?”

“मोटारीच्या पाटीवर वाचलं. स्टँडवरनं रोज जाते की.”

“आणि रद्द फॉर्म?”

“चिठ्ठी उलटून बघा. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच कागदाच्या. हाताशी होतं ते लिहिलं.”

मामंजींनी नखाने चिठ्ठीचं टोक उचललं. खाली छापील रकाने निघाले. पण ते हेडक्लार्क, एवढ्यावर कसले ऐकतात? म्हणाले, “एकच खोटी, आणि नेमकी हीच? बाकीच्या सगळ्या खऱ्या आणि माझ्या घराकडे बोट दाखवणारी तेवढी खोटी? हे मला पटत नाही, चनमल्लप्पा.”

मी फटीतून पाहत होते. चनमल्लप्पा पायांची चुळबूळ करत होते, खांब सोडत होते, पुन्हा धरत होते. सहा वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या त्या. गार्ड, शिंपी, रंगूनचा कारकून, बैलबाजारातला वैद्य, सगळ्यांची कार्डं त्यांच्या पेटीत जपून ठेवलेली होती.

“सगळ्याच खोट्या आहेत,” ते म्हणाले. “एकाचंही उत्तर कधी आलं नाही. लोकांना आवडतं म्हणून लिहीत गेलो.”

मी बाहेर यायला हवं होतं. ‘नाही, हे खरे आहेत, खोटी मी आहे,’ असं म्हणायला हवं होतं. मी पोरांचा आवाज ऐकत दाराला चिकटून उभी राहिले.

मामंजींचा चेहरा खुलला. सून सापडण्यापेक्षा लबाड सापडण्यात त्यांना जास्त गोडी होती, आणि हा लबाड तर अख्ख्या गावाला सहा वर्षं फसवत आलेला. “ऐकलंस ना, सिद्धाप्पा? साक्षीला आहेस!” मग त्यांना मला मारलेली हाक आठवली. “सूनबाई, पाणी आणा यांना. घामाघूम झालेत.”

मी तांब्या-भांडं घेऊन बाहेर गेले. चनमल्लप्पांनी भांडं घेतलं. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. त्यांनी मान वर केली नाही. मी रिकामं भांडं घेऊन आत गेले.

चार दिवसांनी वाचनालयाच्या मंडळींची सभा भरली. मामंजींनी तीन पानी तक्रार केली होती, सुवाच्य अक्षरात. नोकरी राहिली, कारण दिवसभर उभं राहणारा दुसरा माणूस मिळाला नसता. मात्र सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः काढून टाकाव्यात असं ठरलं. महिनाभर ते ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी भिजवत होते. केराबाई सांगायची, “लोक मुद्दाम बगायला येत्यात. थापाड्या म्हनत्यात तोंडावर. आप्पा काय बी बोलत न्हाईत. पानाला भोक पडू नये म्हनून लई जपून काढत्यात.” जोडकार्डांची पेटी उघडून दाखवली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण तिच्यात माझंही कार्ड होतं. ती पेटी त्यांनी केराबाईच्या देखत वाचनालयामागच्या चुलाण्यात रिकामी केली.

मी मात्र घरात राहिले. पोरं माझ्याजवळ वाढली, शिकली. पुस्तक मी पुन्हा लिहिलं नाही.

त्याच वर्षी पितृपंधरवड्यात घरी श्राद्धाचं जेवण होतं. पंक्तीला कचेरीतले जुने लोक. मामंजींनी चनमल्लप्पांचा किस्सा काढला. एव्हाना त्याला त्यांनी चांगलाच मसाला लावला होता. “खुनाच्या कादंबरीवर म्हणे, लेखक शिंपी!” ते म्हणाले, आणि सगळी पंगत हसली. “अहो, आमच्या सूनबाईसुद्धा फसल्या होत्या. बैलांच्या रोगाचं पुस्तक वाचत होत्या!” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात खिरीचं पातेलं होतं.

मी हसले. नुसती ओठांत नाही, चांगली मोठ्याने हसले, आणि म्हणाले, “काय बाई थापाडा माणूस.” मग पुढच्या पानावर खीर वाढली.