त्या सकाळची चूल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डब्यातलं पाणी बदलणं. मी चुलीत लाकूड सारलं, तिनं डब्यातलं ऊन पाणी बादलीत काढलं आणि ड्रममधलं गार पाणी ओतलं. ताडपत्रीला टांगलेला विजेचा चिमणा दिवा बारीक झाला होता, तो परत उजळला. बस्स. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

शहराबाहेर, आनेकलच्या पुढं आमचा एक प्लॉट आहे. घर बांधायचं होतं, बांधलं नाही. चार कोपऱ्यांना चार दगड, एक कडुलिंब, पाण्याचा ड्रम आणि मी ठोकलेली ताडपत्री, तिच्या पुढ्यात उघड्यावर चूल. लाइट नाही. शनिवारी राजाजीनगरच्या घरनं बस धरायची, रात्र काढायची, रविवारी परत. सून पुण्याची, कॉम्प्युटरवाली. ती मैत्रिणींना फोनवर सांगायची, "आई-अप्पा कॅम्पिंगला गेलेत." हे ऐकून बायको म्हणायची, "ह्यांच्याशी लग्न झाल्यापासनं माझं कॅम्पिंगच चाललंय की."

आता लाइट नसताना ती दिव्याची वीज कशी, ते सांगतो. मी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात मशीनवर काम केलं. शाळा म्हणाल तर नावाला. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. भंगारात एक पाणी गार करायचं मशीन मिळालं, त्यात बिस्किटाएवढी पांढरी प्लेट होती. करंट दिला की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. आमच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन एकदा म्हणाला होता की उलटंही होतं. एक बाजू तापवा, दुसरी गार ठेवा, करंट ती देते. मग मी ॲल्युमिनियमची जाड पट्टी घेतली. तिचं एक टोक चुलीच्या जाळात, दुसरं बाहेर. बाहेरच्या टोकावर प्लेटा बसवल्या, प्लेटांवर सपाट बुडाचा पाण्याचा डबा. वायर एका डबीत, आणि डबीला फोनची पिन. एवढंच. वीज म्हणजे अगदी स्वल्प. एक दिवा लागतो, नाहीतर बटणांचा फोन हळूहळू भरतो. दोन्ही एकदम नाही.

पहिली प्लेट जळाली. मी जाळ वाढवत बसलो आणि वरचं पाणी उकळलं. बायको बघत होती.

"म्हणजे दोन्ही बाजू तापल्या तर वीज नाही?"

"नाही."

"मग गार ठेवायचं काम मला द्या. तुमचं डोकं इतकी वर्षं मीच तर गार ठेवतेय."

तेव्हापासून जाळ माझा, पाणी तिचं. काढलेलं ऊन पाणी ती कधी फेकायची नाही. झाकणाच्या बादलीत ठेवायची आणि त्यानं तोंड धुवायची. आनेकलकडं सकाळी गारठा असतो.

त्या शेवटच्या संध्याकाळी ती बहिणीशी बोलत बसली. फोन आमच्यात एकच. बहीण निपाणीला. काय बोलत होत्या देवाला ठाऊक, लोणच्यापासनं कुणाच्या तरी नणंदेपर्यंत सगळं. बोलता बोलता फोन मेला.

"गेला बघा," ती म्हणाली. "ती आता म्हणेल, मीच कट केला."

"सकाळी चहाबरोबर भरू की."

"सरी, सकाळी भरू," ती म्हणाली. अंथरूण घातलं, झोपलो.

मी हे लिहायला बसलो ते तिच्या ह्याच बहिणीमुळं. तेराव्याला चारचौघांत ती म्हणाली, "दाजी, मडं ताडपत्रीत असताना तुमी चूल पेटवली म्हणं. चहा केला काय?"

"चहा नाही केला."

"मग काय केलं?"

"फोन केला."

कुणीतरी खोकलं. सून उठून आत गेली. मेहुणी माझ्याकडं बघत राहिली, म्हातारा डोक्यानं हलला असं तिला वाटलं असणार. मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो. गल्लीच्या टोकापर्यंत जातो, बस येते, तिच्यात चढत नाही, परत येतो. पोरगा म्हणतो, अप्पा, बसा की जरा. कुठं बसू? तर हे मेहुणीसाठी आहे, आणि ज्यांनी विचारलं नाही पण मनात आणलं त्यांच्यासाठी. एकदाच सांगतो.

रोज ती आधी उठायची. त्या दिवशी मी उठलो तरी ती पडलेलीच. "उठ की," म्हणालो. पायाला हात लावला. मग हाताला लावला. मग परत पायाला, उगीच. कळलं होतं.

फोन उचलला तर मेलेला.

डांबरी रस्ता लांब. मधे घर नाही, आमच्यासारखेच दगड रोवलेले प्लॉट. दूधवाला तिकडं येत नाही. रस्त्याला गेलो असतो तर कुणीतरी भेटलं असतं. पण आमच्यात मेलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी उशाशी लागतंच. आणि रीत सोडा, ताडपत्रीला दार नाही. भाकरीच्या वासानं तिथं कुत्री फिरतात.

आणि आमच्यात मडं घरात असताना चूल पेटवत नाहीत. हेही मला ठाऊक होतं, मेहुणी.

कडुलिंबापर्यंत गेलो. मागं वळून बघितलं, परत आलो. परत गेलो, दगडापर्यंत. तिथनं ताडपत्रीतली तिची पावलं दिसत होती, पुढं गेलो असतो तर दिसली नसती. परत आलो. ओरडलो. टिटव्या उडाल्या. एक कुत्रं आलंच, त्याला ढेकूळ मारलं. किती वेळा अशा येरझाऱ्या घातल्या मला सांगता येणार नाही. मग म्हणालो, पाप लागायचं तर लागू दे, पण हिला सोडून जायचं नाही. आणि चुलीत काटक्या घातल्या.

काडी पेटेना. दुसरी ओढली. पेटली. जाळ धरला, डबा ठेवला, फोन जोडला.

मग कळलं की एका माणसाचं हे काम नाही. जाळाशी बसलो तर पाणी तापतंय. पाण्याला ड्रमकडं गेलो तर लाकूड बाहेर येऊन जाळ बसतोय. आणि मधनं मधनं तिच्याकडं बघायचं, तोंडावर माशी बसायला नको. "थांब, आलो," मी तिला म्हणत होतो. "जरा थांब." ऊन पाणी काढायचो ते बादलीत ओतायचो. फेकायला हात उचललाच नाही.

फोन उजळला. पोराचा नंबर दाबला. एक घंटी वाजली आणि परत मेला. मी फोनला शिवी दिली. तिच्यासमोर मी शिव्या देत नसे. परत लाकूड, परत पाणी. ह्या वेळी घाई केली नाही. दोन मोठी लाकडं जळून गेली तरी बटणाला हात लावला नाही. पट्टीला हात लागून बोटं भाजली, ती दुपारी दुखायला लागली तेव्हा समजलं.

फोन लागला.

"काय अप्पा, एवढ्या सकाळी? आईला द्या की."

"आई गेली."

"कुठं गेली?"

"गेली रे बाबा."

त्यानं सुनेला हाक मारलेली ऐकू आली. मला भीती, आता फोन मरतोय. मग म्हणाला, "मी निघालो. तुम्ही तिथनं हलू नका."

"हलत नाही."

लाकडं ओढली आणि चूल विझवली. प्लेटांवरचा डबा उतरवला. बादलीवर झाकण होतं, ते काढलं तर वाफ आली. तेव्हा आठवलं, मेलेल्या माणसाच्या आंघोळीचं पाणी आपल्यात दाराबाहेर, उघड्यावर तापवतात. त्या जाळाला कुणी नावं ठेवत नाही. आमची चूल उघड्यावरच होती.

तिचा टॉवेल त्या पाण्यात बुडवला, पिळला. तोंड पुसलं, मग हात, मग पाय. ती रोज ह्याच पाण्यानं धुवायची. केस मागं सारले. मग उशाशी बसलो. गाडी येईपर्यंत हललो नाही.