खाऱ्या पाण्यातलं बी

विश्रांती जमिनीला देतात, असं कळव्याच्या आवडाबाईनं ऐकलं होतं. तिला स्वतःला ती कुणी देऊ केली नव्हती. उन्हाळाभर नवऱ्याबरोबर, म्हणजे धाकूबरोबर, मिठागरात मीठ ओढायचं. पाऊस जवळ आला की खाडीकाठच्या तुकड्यात भात. त्या जमिनीत बी रात्रभर भिजवून, पेंढा घातलेल्या टोपलीत दाबून, कोंब आणूनच पेरतात.

चौपन्न साली शेतकी खात्याचा माणूस गावात सांगून गेला, की बी मिठाच्या पाण्यात बुडवा, तरंगतील ते पोकळ दाणे काढा आणि उरलेलं लगेच धुवा. आवडाबाईनं 'मीठ' एवढं ऐकलं. पुढचं ऐकायची तिला गरज वाटली नाही. मिठागरातल्या बाईला मिठाबद्दल कोण काय शिकवणार? तिनं मिठागरातलं कडक खारं पाणी आणलं आणि बी नेहमीसारखं रात्रभर त्यात ठेवलं.

टोपलीत कोंब येईना. घरात बी तेवढंच होतं.

तिनं टोपली उचलून शेजारच्या गिल्बर्ट मास्तरांच्या ओट्यावर नेली. मास्तर ठाण्याच्या शाळेत शास्त्र शिकवत.

"रातभर पान्यात होतं, मास्तर. तरी सुकंच."

मास्तरांनी एक दाणा दाताखाली धरला. टणक. "दाण्यात बारीक बारीक पेशी असतात, आवडाबाई. त्यांच्या पडद्यातून पाणी पार होतं, मीठ बहुतेक अडतं. आणि पाणी ओढलं जातं जास्त मिठाच्या बाजूला. मीठ तू बाहेर ठेवलंस; मग पाणी आत कशाला जाईल?"

"आमच्या धाकूसारखं. मीठ जिथं, हा तिथं. घरात पाय टिकत नाय."

ओट्याखाली उभा असलेला धाकू खाडीकडे बघत राहिला.

"मंग मेलं का सगलं?" आवडाबाईनं विचारलं.

"सगळं नसेल. गोड्या पाण्यात धू, पाणी बदलत राहा. बाहेरचं मीठ गेलं की पाणी आपोआप आत शिरेल."

जवळची विहीर जूनपर्यंत मचूळ होई. गोडं पाणी पारसिकच्या डोंगराखाली. आवडाबाई हंडे आणत राहिली, बी धूत राहिली, धुवण जिभेला लावून बघत राहिली. धाकूनं एक खेप केली आणि ती गावभर सांगितली.

टोपली पुन्हा दाबली. निम्म्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले, बाकीचे कुजले. पेरणी विरळ होणार होती, पण होणार होती.

मास्तर बघायला आले आणि खूश झाले. "बघ, काही करावं लागलं नाही. पाणी आपोआप आत गेलं."

आवडाबाई पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आत गेलं असंल आपोआप, मास्तर. टोपलीपरेंत मी आनलं."