आत्याचं फळ मऊ झालं तेव्हा

आत्याबद्दल लिहायचं रोज पुढे ढकलते, म्हणून आज भराभर लिहून टाकते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लाँड्री चालवायची. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे हौद, दोऱ्यांवर दवाखान्याच्या चादरी आणि अंगणाच्या मधोमध ॲव्होकाडोचं झाड. चादरींवर नंबर टाकायला तिने कधी शाई विकत आणली नाही. ॲव्होकाडोची बी कापडाखाली धरायची आणि वरून सुईने टोचत आकडा काढायचा. रस पांढरा यायचा, बघता बघता रक्तासारखा लाल व्हायचा. काही केलं तरी धुऊन जायचा नाही.

गल्लीत तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. खोकला, बीपी, पाळीचं दुखणं, सगळ्याला त्याच झाडाच्या पानांचा काढा. दाढ दुखली तर बी किसून, भाजलं तर गर. "दवाखान्याच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत हां!" असा वर दमही द्यायची.

पण तिचं खरं औषध वेगळंच होतं. आजारी माणसाला ती एक नंबर द्यायची आणि तो झाडावरच्या एका कच्च्या फळावर सुईने टोचायची.

"हे फळ झाडावर पिकतच नाही, पोरी. लटकतंय तोवर थांबतं. माणूस बरा झाला की तोडायचं, मऊ झालं की त्यालाच खायला घालायचं."

"आणि बरा व्हायच्या आधीच तोडलं तर?"

"मग माणूसही ते मऊ होईपर्यंतच."

शेजारचा शिंपी मुद्दाम विचारायचा, "डॉक्टरीणबाई, आमच्या सासूबाईंचं जरा लवकर तोडता का?"

"तुमचंच तोडते, ते जास्त दिवस लटकलंय!"

मी नऊ वर्षांची असताना मला न्यूमोनिया झाला. माझा नंबर ४१. तिने काढलेला चारचा आकडा म्हणजे दोऱ्याला गाठ मारल्यासारखा, तसा दुसरा कुणी काढूच शकत नाही. मी बरी झाले, फळही मीच खाल्लं.

यंदा आत्याला खोकला लागला. महिनोन्महिने काढा घेत बसली. एक्स-रे काढ म्हटलं की, "आणि चादरी कोण करणार? तुझा बाप?"

एका दुपारी मी मैत्रिणीशी कडाक्याचं भांडून आले. डोकं फिरलेलं, पोटात कावळे. हाताला आलं ते फळ ओरबाडून काढलं. मग त्यावरचा आकडा दिसला. १. तिचा स्वतःचा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते फळ इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "मऊ झालं की सांग."

पाचव्या दिवशी फळात अंगठा रुतला. मी म्हटलं, "अजून दगड आहे."

त्याच दिवशी तिचा खोकला थांबला. मी वेड्यासारखी नाचले! मग लक्षात आलं, ती जेवत नाहीये. काढ्याचा कप भरलेलाच राहतोय. एकदा इस्त्री ठेवून तिने तोच हात माझ्या गालाला लावला. गारढोण.

एकोणिसाव्या दिवशी फळ काळंठिक्कर पडलं होतं, पण त्यावर एक माशी बसत नव्हती. आत्या सकाळपासून एकाच चादरीला इस्त्री करत होती.

"झालं का गं मऊ?"

"नाही."

"दमले गं पोरी. पाय कधीचे गळालेत, पण बसताच येत नाही."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "झालंय, आत्या. मऊ झालंय."

ती मटकन खाली बसली. "कार्टे, खोटं बोलताना बापासारखंच नाक ओढतेस. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग थांबलीस कशाला?"

"तोडलंस तू. सांगायचंही तूच ना."

फळ कापलं तर आतून हिरवंगार, लोण्यासारखं. अर्धं तिने मीठ लावून खाल्लं, अर्धं मला भरवलं. मग घड्या घातलेल्या चादरींवर डोकं टेकवलं. ते परत उचललं नाही.

महिना झाला. आज सकाळी अंगणात गेले तर खालच्या फांदीवरच्या फळावर ४१ टोचलेलं होतं. तोच गाठीचा चार. रस अजून पांढरा होता. बाबांना हाक मारून आणेपर्यंत लाल झाला.

मला पहाटेपासून खोकला आहे.

बाबांना सांगून ठेवलंय, त्या फळाला कुणीही हात लावायचा नाही.