मार्थाक्काचे उपकार

जेवणाआधी मार्थाक्का देवाचे आभार मानायला बसली की भाकरी पार गार होऊन जायची. नुसतं "देवा, अन्न दिलंस" एवढ्यावर तिचं भागत नसे. ज्वारी पेरणारा, ती काढणाऱ्या बाया, गिरणीवाला, सगळे यायचे. "आणि देवा, आज मन्नाएखेळ्ळीच्या ष्ट्यांडवर कंडक्टरनं एका म्हातारीसाठी गाडी थांबवली, त्येचं बी भलं कर." मी समोर चुळबुळत बसायचो. एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, कांद्याचे राहिले." तिनं डोळे न उघडता पुढं चालू ठेवलं, "आणि देवा, सरांनी कांद्याची याद दिली, तुझे उपकार." घ्या! अशा बाईशी भांडणार तरी कसं?

ती मिशनच्या दवाखान्यातली निवृत्त आया. हमरस्त्याकडेचा, महारोग्यांसाठी बांधलेला तो दवाखाना कधीच बंद पडला. मागची चाळ तेवढी उरली आणि तिथल्या एका खोलीत ती राहायची. माझी आई शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा मार्थाक्का आपणहून आली. रोज चालत यायची, आईला पुसायची, कूस बदलायची, घाण काढायची. एक पैसा घेतला नाही. वर जाताना आईच्याच पाया पडायची, "सेवा करू दिलीस माय."

मला ते बघवत नसे. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांना गावच्या आडावर पाणी वरून, लांबून, ओंजळीत ओतत. ते ऐकत मी वाढलो, शिकलो, मास्तर झालो. ताठ मान हीच माझी कमाई. म्हणून एकदा मी तिच्यावर चांगलाच डाफरलो, "अक्का, पुरे कर हे वाकणं! आपल्या माणसांच्या पिढ्या वाकून वाकून मेल्या. आणि तू कशाचे उपकार मानायलीस?"

ती आईच्या खाटेखाली हात घालून भांडं ओढत होती. तिथूनच म्हणाली, "ताठ उभं राहून हे भांडं निघतंय का सर? निघत असल त काढून दावा."

मग पदराला हात पुसत सांगितलं, "माझी माय महारोगी. ते कळलं तसं माझ्या नवऱ्यानं मला बी तिच्यासंगट या दवाखान्याच्या दारात सोडलं. मला बी कुणीतरी वाकूनच उचललं की. ते फेडायला न्हाई येत, म्हणून उपकार म्हणते."

आई गेल्यावर मी दर रविवारी मार्थाक्काकडं जायला लागलो. तिच्यासोबत चंद्रव्वा राहायची. ती दवाखान्यातली जुनी रोगी, बरी होऊन कित्येक वर्षं झालेली. पण बोटं झडलेली, म्हणून घरच्यांनी परत नेली नाही. घरचं पाणी तीच भरायची, घागर कमरेवर घेऊन. पहिल्या रविवारी तिनं तांब्या दोन्ही तळव्यांत धरून माझ्यापुढं केला. चैताचं ऊन, मी घामानं निथळत होतो.

मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलो."

बरा झालेला महारोग लागत नाही, हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. फळ्यावर लिहून देतो. ते त्या दिवशी कुठं गेलं होतं कोण जाणे.

मार्थाक्कानं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं. चपला घालून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आली. "सर, हे प्या. गार हाय." पुढं दर रविवारी माझ्या आधी माझी बाटली हजर असायची. मी मूर्ख तो आपला मान समजत राहिलो! ती तांब्यातलं पाणी प्यायची, घटाघटा, आणि चंद्रव्वा तिच्याकडं बघत राहायची.

मागच्या थंडीत मार्थाक्का पडली ती उठलीच नाही. एका रविवारी मला जवळ बोलावलं. चंद्रव्वा नळावर गेली होती.

"सर, एक मागायले."

"माग की अक्का."

"चंद्रव्वाच्या हातचं पाणी कुणीबी पीत न्हाई. मी हाय तवर पितेय. माझ्यामागं तिनं घागर कुणासाठी भरायची? तुम्ही आईतवारी येतायच. एक तांब्या पित जा. बाकी कायबी नको."

मी तिचा हात धरला. "पीन. शब्द देतो."

तिनं तिथंच डोळे मिटले. "देवा, सरांनी व्हय म्हणलं. तुझे उपकार." नुसत्या होकाराचे उपकार! मी खाली बघितलं.

पंधरा दिवसांनी ती गेली. माती देऊन झाल्यावर चर्चमध्ये सभा झाली. मला बोलायला लावलं. मी तिच्या नम्रतेवर बोललो, सेवेवर बोललो, आजोबांच्या ओंजळीची गोष्ट सांगितली. बाया पदर डोळ्याला लावून रडल्या. मीही रडलो, आणि ते खोटं नव्हतं.

तिथून मी सरळ चंद्रव्वाकडं गेलो. बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. ती उठली, तांब्या भरला, दोन्ही तळव्यांत धरून माझ्यापुढं आली. पाणी हिंदकळत होतं. मी त्या तळव्यांकडं बघितलं. शब्द आठवत होता, फळा आठवत होता, आजोबासुद्धा आठवत होते. हात काही उठला नाही.

"ठेव चंद्रव्वा," मी म्हणालो, "पितो जरा वेळानं."

तिनं तांब्या खाली ठेवला, फळीवरच्या बायबलामागं हात घातला आणि एक बाटली काढून आणली. सीलबंद.

"अक्कानं आणून ठिवायला लावलीती. म्हणली, सरांला न्हाई जमलं त ही दे. त्यांच्यावर रुसू नको म्हणली."

शरमेनं मला बसल्या जागी मेल्यासारखं झालं. म्हणजे माझ्या होकाराचे उपकार मानणाऱ्या त्याच बाईनं ही बाटलीही मागवून ठेवली होती. तिला मी पुरता ठाऊक होतो. तरीही तिनं तोंडातून एक वाकडा शब्द काढला नव्हता. तसा शब्द काढला असता, तर कदाचित मी प्यालो असतो. आता हेही मी तिच्याच माथी मारतोय, बघा.

बाटलीचं झाकण मीच फिरवलं. चंद्रव्वाच्या हातांना ते फिरलं नसतं, आणि म्हणूनच मला ते पाणी चाललं. मी प्यालो. सगळी बाटली संपवली. माझं पिऊन होईपर्यंत चंद्रव्वा समोर बसून होती, भरलेल्या तांब्याशेजारी. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही तळवे जोडले आणि अगदी अक्काच्या सुरात म्हणाली,

"देवा, सर पाणी प्याले. तुझे उपकार."