काचेच्या पाळण्यातून धबधबा

मुलीकडे परदेशात येऊन दीड महिना झाला होता. बर्फ वितळून धबधबा भरून वाहू लागला, तेव्हा तिने मला नदीकाठच्या मोठ्या आकाशपाळण्यात बसवलं. "आई, मला उंची सोसत नाही. तू जाऊन ये," म्हणाली.

काचेच्या डब्यात समोर एक अनोळखी वृद्ध गृहस्थ होते. वर पोचताच पांढरं पाणी आणि काठची कोवळी पालवी एकदम दिसली. मी मराठीतच बोलून गेले, "किती सुंदर आहे हो."

त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. सुंदर काही दिसलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही, ऐकणाऱ्याला कळो न कळो. इथे आल्यापासून मुलीशिवाय दुसऱ्या कुणाशी तरी मी पहिल्यांदाच बोलले होते.

खाली उतरल्यावर मुलीने विचारलं, "कसं वाटलं?"

"छान," मी म्हणाले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.